सातव्या पितामहापर्यंत : वंशशोधातील कागद आणि डीएनए चाचणी

पालि सुत्तांत एखाद्या प्रतिष्ठित ब्राह्मणाचा परिचय करून देताना एक ठराविक वर्णन येते. हा मातृपक्षाकडून व पितृपक्षाकडून, दोहोंकडून सुजात आहे, सातव्या पितामहापर्यंत याच्या कुळास कोणी बोट लावू शकत नाही, असा त्याचा आशय आहे. सोणदंड, कूटदंत, चंकी, वासेट्ठ या सुत्तांत हे वर्णन जवळजवळ त्याच शब्दांत आढळते. त्यातील ‘पितामहयुग’ या पदावर बुद्धघोषाचार्यांनी ‘सुमंगलविलासिनी’त टिप्पणी केली असून ‘युग’ म्हणजे आयुष्याचे प्रमाण, असा अर्थ दिला आहे. सात पितामहांची आयुष्ये एकापुढे एक मांडावीत आणि त्या सर्व काळात कुळ निष्कलंक राहिले असे म्हणावे, असा हा दावा आहे.

अस्सलायनसुत्तात या दाव्याची परीक्षा झाली आहे. अरण्यात पर्णकुटी बांधून राहणाऱ्या सात ब्राह्मण ऋषींना असित देवल विचारतात : तुमच्या मातेचा संबंध केवळ ब्राह्मणाशीच आला, तिच्या मातेचा, तिच्याही मातेचा, असे सात पिढ्यांपर्यंत झाले, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? पुढे पित्याविषयी व त्याच्या सात पिढ्यांविषयी हाच प्रश्न येतो. प्रत्येक वेळी ऋषींना एकच उत्तर द्यावे लागते, की ठाऊक नाही.

हा प्रश्न दोन हजारांहून अधिक वर्षे निरुत्तर राहिला. आता नळीभर लाळ प्रयोगशाळेकडे पाठविली असता त्याच्या एका लहानशा भागाचे उत्तर मिळू शकते. त्यामुळेच की काय, घराण्याच्या शोधाविषयी ज्या विचारणा आमच्याकडे होतात त्यांत अलीकडे एक सूर वारंवार ऐकू येतो : “आमच्या लोकांचे कागद कोठून असणार? तेव्हा डीएनए चाचणीच करून घ्यावी म्हणतो.” या वाक्याचा पूर्वार्ध बहुधा चुकीचा असतो आणि उत्तरार्धात चाचणीकडून नको ती अपेक्षा केलेली असते, असे आमचे मत आहे. ते का, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम थोडे गणित पाहू. आई-वडिलांपासून मोजीत गेल्यास पहिल्या पायरीवर २, दुसरीवर ४, तिसरीवर ८, अशा रीतीने सातव्या पायरीवर पूर्वजांची १२८ स्थाने होतात. ‘सात पिढ्यांचा इतिहास’ म्हणून आपण जी वंशावळ लिहितो, तीत या १२८ पैकी बापाच्या बापाच्या बापाचे एकच स्थान असते. उरलेली १२७ स्थाने कोऱ्या कागदावरही येत नाहीत.

तथापि स्थाने १२८ असली म्हणजे माणसेही १२८ असतील असे नाही. ‘महावंसा’च्या दुसऱ्या परिच्छेदात शाक्य व कोलिय घराण्यांची जी वंशावळ आली आहे, ती ऐतिहासिक दृष्ट्या कितपत विश्वसनीय आहे हा प्रश्न वेगळा, पण उदाहरण म्हणून ती उत्तम आहे. सिद्धत्थाचे पिता सुद्धोदन हे सीहहनु व कच्चाना यांचे पुत्र. माता माया ही अंजन व यसोधरा यांची कन्या. (ही यसोधरा म्हणजे आजी. ‘महावंसा’त सिद्धत्थाच्या पत्नीचे नाव भद्दकच्चाना असे आहे.) भद्दकच्चानेचे पिता सुप्पबुद्ध हे त्याच अंजन-यसोधरेचे पुत्र आणि माता अमिता ही त्याच सीहहनु-कच्चानेची कन्या. म्हणजे राहुलाच्या पणजोबा-पणजींची आठ स्थाने भरण्यास चारच माणसे पुरतात. आणखी वर गेल्यास सीहहनु व यसोधरा ही जयसेनाची लेकरे, तर अंजन व कच्चाना ही देवदहसक्काची. तेव्हा त्या पिढीतील सोळा स्थाने केवळ दोन घरांत मावतात. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल ज्या ज्या समाजांत आहे, तेथे कमी-अधिक प्रमाणात हेच घडते. डीएनए चाचणीचा अहवाल वाचताना या गोष्टीचा उपयोग पडणार आहे.

आता कागदांकडे वळू. प्रत्येक खेड्याच्या पाठीशी कागदांची एक उतरंड असते आणि ती अनेकांच्या कल्पनेपेक्षा मोठी असते. इंग्रजी अमदानीतील जमीन-मोजणी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात १८३५-३६ च्या सुमारास सुरू झाली व पुढे मुंबई इलाख्यात पसरली. हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली झाला. त्यातून जी ‘फेरफार नोंदवही’ आली, म्हणजे आजचा गाव नमुना सहा, ती वंशशोधकाची पहिली मैत्रीण समजावी. सातबारा सर्वांस ठाऊक असतो. परंतु सातबारा हा निष्कर्ष होय, आणि तो कसा झाला हे फेरफारात असते. अमुक इसम अमुक तारखेस मयत, त्यास वारस मुलगे अमुक व अमुक, पैकी धाकटा अज्ञान, पालनकर्ती आई अमुक, अशी नोंद एका कागदावर तीन पिढ्यांची नाती सांगून जाते. सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक वर्तुळात दिलेला असतो. त्यावरून मागे मागे जाता येते. अनेक तालुक्यांतील जुने फेरफार आता संगणकावर छायांकित रूपात पाहावयास मिळतात.

“आम्हांस जमीनच नव्हती,” असे यावर कोणी म्हणेल. खाजगी जमीन नसेल; परंतु महार वतन होते. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याखाली वतनदारांची रजिस्टरे ठेवली जात. वतन संपूर्ण भाऊकीचे असल्याने कोणत्या वर्षी कोणाची पाळी, कोण कोणाचा वारस, याच्या नोंदी आवश्यक असत. या पद्धतीत माणूस कसा भरडला जातो हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात दुरुस्ती विधेयक आणून मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट झाली आणि ठरावीक रक्कम भरून घेऊन त्या जमिनी धारकांना फिरून देण्यात आल्या. त्या वेळी जे फेरफार झाले त्यांत अनेक गावी अख्ख्या भाऊकीची नावे एका पानावर सापडतात. ज्या गुलामगिरीचा कागद फाडून टाकावा असे वाटते, त्याच कागदात पणजोबांचे नाव असते, ही गोष्ट कडू आहे. पण शोधकाने तो कागद पाहिलाच पाहिजे.

जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना चौदामध्ये असते. तिलाच लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात. गावात कोण जन्मले, कोण वारले याची वर्दी पोचविणे हे ज्या कामगारांकडे असे, त्यांत महार वतनदार प्रमुख होता. लिहिणारा हात दुसऱ्याचा, वर्दी देणारा पाय मात्र आपल्याच आज्या-पणज्याचा, अशी ती वही आहे. या वहीत बालकाचे नाव बहुधा नसते, कारण बारशापूर्वीच नोंद झालेली असते. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढेच मिळते. म्हणून शोध घेताना बालकाच्या नावाने न घेता बापाच्या नावाने घ्यावा.

तिसरा मोठा साठा शाळेचा : दाखल-खारीज रजिस्टर. येथे जन्मतारखेवर फार विसंबू नये. निम्मा गाव १ जून रोजी जन्मलेला दिसतो, कारण तारीख ठाऊक नसली म्हणजे गुरुजी शाळेच्या सोयीची तारीख लिहीत. आडनावाचेही तसेच आहे. सातारच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालेल्या एका विद्यार्थ्याचे नाव रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे आहे. घराण्याचे आडनाव सकपाळ; शाळेतील आडनाव गावावरून आलेले; नाव भिवा, जे पुढे भीमराव झाले. केवळ ‘भीमराव सकपाळ’ असे मनात धरून कोणी त्या रजिस्टराची पाने उलटली असती तर ती नोंद त्याच्या डोळ्यांपुढून निघून गेली असती. आपल्या घरांतही हेच झाले आहे. गावी आडनाव एक, मुंबईच्या गिरणीतील हजेरीपटावर गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून दुसरे, आणि मुलांच्या दाखल्यावर तिसरे.

याहून मोठा सांधा १९५६ चा आहे. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. १९६१ मध्ये ती सुमारे २८ लाख झाली. कागदाच्या दृष्टीने पाहता लक्षावधी कुटुंबे एका रकान्यातून उठून दुसऱ्या रकान्यात गेली. एकाच घरातील आजोबांच्या दाखल्यावर जातीचे जुने नाव, थोरल्या काकांच्या दाखल्यावर ‘हरिजन’, वडिलांच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’ आणि आत्याच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ असे आढळते. हे चार कागद एकाच घरचे आहेत हे सिद्ध करण्याचे काम वंशावळीस करावे लागते.

आणि येथे प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागितला जातो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० साली झाला, त्यामुळे धर्मांतरित कुटुंबांना केंद्रीय सवलतींचा मार्ग मोकळा झाला. पण पुराव्याची तारीख तीच राहिली. आज अठरा वर्षांची असलेली मुलगी पडताळणी समितीपुढे जाते तेव्हा तिला शाळेचे तोंड न पाहिलेल्या पणजोबांचा कागद हवा असतो. समितीपुढे शपथेवर वंशावळ द्यावी लागते, वडिलांकडील रक्तनातेवाइकांची प्रमाणपत्रे चालतात, स्वातंत्र्यपूर्व नोंदीस विशेष वजन असते. डीएनए अहवालास तेथे स्थान नाही, आणि असण्याचे कारणही नाही. ते पुढे स्पष्ट होईल. ज्या घरात मुले दहावीत आहेत त्या घराने फेरफाराची व गाव नमुना चौदाची नक्कल आताच काढून ठेवावी. प्रवेशाच्या महिन्यात अभिलेख कक्षापुढे उभे राहण्यात शहाणपण नाही. एका तहसील कार्यालयात जुन्या वह्यांचे गठ्ठे जिन्याखाली ओलीत पडलेले आम्ही पाहिले आहेत. वाळवी कोणाच्या अर्जासाठी थांबत नाही.

जुन्या नोंदी मोडीत असतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावकामगार मोडी लिहीत होते, तेव्हा आजोबांच्या जन्माची नोंदही मोडीत असणे शक्य आहे. ओळ आधी आखून घेतलेली, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, नावांचे संक्षेप सर्रास. तरी तीन-चार महिन्यांच्या सरावाने गावच्या वहीपुरते मोडी वाचन येते. मराठवाड्यातील निजामकालीन कागदांना उर्दू-फारसी जाणणारा लागतो, आणि विदर्भात कागदांची नावेच वेगळी, ‘अधिकार अभिलेख’ वगैरे, हे तेथील वाचक जाणतातच. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला तेव्हा राज्यभर जुन्या वह्या बाहेर काढण्यात आल्या व मोडी वाचकांना एकाएकी मागणी आली. त्या वह्यांत एकाच जातीची नावे नाहीत. दुसऱ्या कोणाच्या निमित्ताने कपाट उघडले असेल, तर आपणही आत डोकावून पाहावे.

समुद्रापलीकडील एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर मॉरिशसला नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी-सावंतवाडीकडील मराठी लोकही होते. प्रत्येकास एक क्रमांक मिळे आणि नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जहाज ही नोंद त्या क्रमांकापुढे होई. १८६० च्या दशकापासून छायाचित्रही. ही दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन झाली आहेत. त्यामुळे तेथील मराठी कुटुंबास आपल्या पूर्वजाचा चेहरा पाहता येतो. कोकणात मागे राहिलेल्या त्याच्या सख्ख्या भावाचा चेहरा मात्र त्या भावाच्या वंशजांनी कधी पाहिलेला नसतो.

या सर्व कागदांत एक मोठे खिंडार आहे, ते स्त्रियांचे. लग्नात नाव बदलते, आडनाव बदलते, गाव बदलते. मृत्यूच्या नोंदीत ती ‘अमक्याची बायको’ असते. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे व त्यानंतर वारसनोंदीत मुली दिसू लागतात; त्यापूर्वी क्वचित. असे नेहमीच होते असे मात्र नाही. धम्मसेनापती सारिपुत्त हे मातेच्या नावाने ओळखले जातात. नाशिकच्या लेण्यांत सातवाहन राजे गौतमीपुत्र आणि वासिष्ठीपुत्र म्हणून येतात आणि गौतमी बलश्री स्वतःच्या नावाने लेणे दान देते. पुढील काळाच्या गावदप्तरात तिच्यासारखीचे नाव शोधून सापडणार नाही. यासाठी घरातील आजी-आत्यांना विचारणे हाच उपाय आहे : माहेर कोणते, आईचे माहेर कोणते, मामा कोणत्या गावचे. जात्यावरच्या ओव्यांत माहेरच्या गावाची व भावांची नावे गुंफलेली असतात. त्या लिहून घ्याव्यात.

आता डीएनए. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक आईकडून, एक बापाकडून. त्यांपैकी ‘वाय’ गुणसूत्र बाप मुलाला जवळजवळ जसेच्या तसे देतो. पेशीतील तंतुकणिकांचा स्वतंत्र डीएनए, सुमारे १६,५६९ अक्षरांचे एक लहानसे वर्तुळ, आई सर्व अपत्यांना देते. पुढे तो मुलीच चालवितात. म्हणजे वर सांगितलेल्या १२८ स्थानांपैकी एका टोकाचे स्थान ‘वाय’ सांगते, दुसऱ्या टोकाचे तंतुकणिका सांगते. मधल्या १२६ जणांविषयी या दोन्ही चाचण्या मूक असतात. तथापि आईच्या आईच्या आईची जी रेषा कागदात सर्वांत आधी तुटते, ती शरीरात अखंड राहते, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. तिच्यात नावे नसतात, एवढेच.

तिसरी चाचणी उरलेल्या बावीस जोड्यांची. येथे प्रत्येक पिढीत पत्ते पिसले जातात. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी १२.५ टक्के डीएनए समान असतो. ज्यांचे पणजोबा-पणजी एक त्यांच्यात ३ टक्क्यांच्या आसपास. ज्यांचे खापरपणजोबा एक त्यांच्यात एक टक्क्याहूनही कमी, आणि अशा दहा जोड्यांपैकी एखादीत काहीच समान सापडत नाही. आणखी एक पिढी वर गेल्यास सुमारे निम्म्या जोड्यांत नाते असूनही चाचणी ते दाखवीत नाही. दहाव्या पायरीवरील १,०२४ पूर्वजांपैकी निम्म्याहून अधिकांचा एकही तुकडा आपल्या शरीरात उरलेला नसतो. ते आपले पूर्वज आहेतच. पण रक्तात त्यांची खूण नाही. तेव्हा जवळचे हरवलेले नाते जुळविण्यास ही चाचणी समर्थ आहे. गाव सोडून गेलेला काका, दत्तक गेलेले मूल, फाळणीत वा स्थलांतरात तुटलेली शाखा, यांचा माग चार-पाच पिढ्यांपर्यंत लागू शकतो. अर्थात पलीकडच्या शाखेतील कोणी त्याच कंपनीकडे चाचणी केलेली असेल तर. भारतात अशी चाचणी केलेल्यांची संख्या अजून फार थोडी आहे. राहुलाच्या पणजोबांचे उदाहरण येथे आठवावे. पिढ्यान् पिढ्या आपसांत लग्ने झालेल्या समाजात दूरचा नातलग चाचणीत जवळचा भासतो. युरोपीय कुटुंबांवर बसविलेले कंपनीचे कोष्टक ज्यास चुलतभाऊ म्हणेल, तो प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या वाटांनी लागणारा लांबचा भाऊबंद असू शकतो.

अहवालातील टक्केवारीचे प्रकरण याहून नाजूक आहे. ‘अमुक प्रदेश इतके टक्के’ हे आपला डीएनए कंपनीजवळच्या नमुन्यांशी ताडून काढलेले अनुमान असते. नमुने बदलले की टक्के बदलतात; दोन कंपन्यांचे अहवाल जुळत नाहीत; दोन सख्ख्या भावांचेही जुळत नाहीत, कारण प्रत्येकाच्या वाट्यास आई-बापाचा निराळा अर्धा भाग आलेला असतो.

या चाचणीतून जात कळते काय? वासेट्ठसुत्तात तथागत गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मत्स्य, पक्षी यांची जन्मजात लक्षणे निरनिराळी असल्याचे दाखवून मनुष्यांत तसे जन्मजात लक्षण नाही असे सांगतात. केस, डोके, कान, डोळे असा एकेक अवयव तेथे घेतला आहे. डीएनए हा त्या यादीत भर घालण्याजोगा अवयव म्हणावयास हरकत नाही. ‘वाय’च्या आर-१-ए, एच, एल, जे-२ या शाखा भारतात उच्च म्हटल्या गेलेल्या व नीच म्हटल्या गेलेल्या दोन्ही समाजांत, आदिवासींतही, कमी-अधिक प्रमाणात आढळतात. तंतुकणिकांची ‘एम’ शाखा तर निम्म्याहून अधिक भारतीयांत आहे. एखाद्या शाखेवर जातीचे नाव लिहिता येत नाही.

समूहांच्या पातळीवर मात्र इतिहास दिसतो, आणि तो मनन करण्याजोगा आहे. प्रिया मूरजानी व सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखविले, की भारतातील जवळजवळ सर्व समूह उत्तर व दक्षिण अशा दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आले असून हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या दरम्यान झाले. २०१६ साली अनलाभ बसू, पार्थ मजुमदार प्रभृतींनी अनेक समूहांत हे मिश्रण सुमारे ७० पिढ्यांपूर्वी थांबून अंतर्विवाह रूढ झाल्याचे अनुमान काढले. या कालमापनात बुद्धकाल कोठे येतो हे पाहावे. तो मिश्रण चालू असण्याच्या कालखंडातच येतो. सोणदंडाची सात पितामहांची शुद्धी ज्या काळी गायिली जात होती, त्या काळी लोक एकमेकांत मिसळत होते! उलट, नंतर ज्यांनी बेटीव्यवहाराची दारे घट्ट लावून घेतली त्या समूहांत त्याचे परिणाम रोगांच्या रूपाने दिसतात. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूहांपैकी ८१ समूहांत, फिनलंडचे लोक व अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही अधिक तीव्र असा, थोड्या पूर्वजांपासून वाढल्याचा ठसा आढळला. अशा समूहांत आई-बाप दोघांकडून तोच सदोष जनुक येण्याचा धोका वाढतो.

बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्या काळच्या शरीरमापनशास्त्राचा, विशेषतः डॉ. घुर्ये यांनी दिलेल्या नासिकामापांचा आधार घेऊन अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही हे सिद्ध केले. मापे जात टिकविणाऱ्यांच्या हाती पडण्यापूर्वी ती आपण वाचावीत, ही त्यांची रीत होती. आज काही उत्साही मंडळी ‘आम्ही नागवंशीय आहोत हे डीएनएने सिद्ध झाले’ असे म्हणतात. हे म्हणणे टिकणारे नाही. चाचणी तुलनेवर चालते, आणि प्राचीन नागांचा म्हणून निश्चित झालेला एकही नमुना तुलनेस उपलब्ध नाही. जुन्या महार नावांच्या शेवटी येणारा ‘नाक’ हा प्रत्यय ‘नाग’ की ‘नायक’, हा वाद भाषाशास्त्राचा आहे. लाळेने तो सुटणार नाही. नाग लोकांविषयीचे बाबासाहेबांचे विवेचन साहित्य व परंपरा यांच्या साक्षीवर उभे आहे आणि ते त्याच साक्षीवर तपासले जावे.

कागद नसताना डीएनएने परंपरेस दुजोरा दिल्याचे एक उदाहरण आपल्याच कोकणात आहे. अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून वाचलेल्या थोड्या लोकांपासून आपण वाढलो, असे बेने इस्रायल समाज सांगत आला. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणे. आडनावे पेणकर, नवगावकर अशी, भाषा मराठी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यात मध्यपूर्वेतील ज्यू व स्थानिक भारतीय असे दोन्ही अंश सापडले. पहिला अधिककरून पुरुषांकडून, दुसरा अधिककरून स्त्रियांकडून आलेला. मिश्रणाचा काळ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा. गलबत फुटले की नाही, हे डीएनए सांगत नाही. मिश्रणाचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. पण दूरवरून आलेल्या पुरुषांनी येथील स्त्रियांशी संसार केला, एवढे निश्चित झाले. आणि त्या कोकणी आज्यांना, ज्यांची कथेत नावे नाहीत, त्यांचे स्थान मिळाले.

घरच्या शोधात असे अनपेक्षित पूर्वज निघाले तर काय करावे? अंबट्ठसुत्तात अंबट्ठ कुळाच्या अभिमानाने शाक्यांना हीन लेखतो. तेव्हा तथागत त्याचेच गोत्र मागे नेऊन दाखवितात, की कण्हायनांचा मूळपुरुष कण्ह हा ओक्काक राजाच्या दिसा नावाच्या दासीचा पुत्र होता. सभा अंबट्ठाची हेटाळणी करू लागते. येथे तथागत त्या तरुणास उघडे सोडत नाहीत. कण्ह हा पुढे थोर ऋषी झाला होता असे सांगून ते त्यास सावरून घेतात. डीएनए चाचणीत ज्यास बाप म्हणतो तो जन्मदाता नव्हे असे निघू शकते. घरात कोणालाच ठाऊक नसलेले सावत्र भावंड निघू शकते. चाचणी एकट्याची असली तरी उत्तर सर्वांचे असते. म्हणून वडीलधाऱ्यांना आधी विचारावे, त्यांनी नको म्हटल्यास थांबावे, आणि काही निघालेच तर ते चार लोकांत मांडू नये.

माहितीच्या सुरक्षिततेचाही विचार हवा. ‘ट्वेंटी-थ्री-अँड-मी’ या अमेरिकन कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ साली चोरांच्या हाती गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. परवलीचा शब्द बदलता येतो. डीएनए बदलता येत नाही. भारतात डीएनए तंत्रज्ञानाच्या नियमनाचे विधेयक २०१९ साली मांडले गेले व २०२३ साली मागे घेण्यात आले.

ज्यांस शोध घ्यावयाचा आहे त्यांनी प्रथम घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीपाशी बसावे. नंतर शाळेचा दाखला, त्यावरून गाव, गावावरून फेरफार, गाव नमुना चौदा व वतनाचे कागद, १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर मिळाल्यास तेही. चाचणी सर्वांत शेवटी, आणि एखाद्या निश्चित प्रश्नासाठी. ती घरातील वृद्धांची करावी, कारण त्यांच्यात पूर्वजांचा अंश आपल्याहून अधिक असतो. वंशवृक्षाच्या तक्त्यात नाव कागदावर जसे आहे तसेच लिहावे. ‘भिवा’ असेल तर ‘भिवा’. सनाचेही तसेच. दक्षिणी फसली सनात ५९० मिळविले असता इसवी सन येतो. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. सुहूर सनात ५९९ मिळवावे लागतात, आणि तो अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो : ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१, इसवी १७६०-६१, पानिपतचे वर्ष. मूळ सन तक्त्यात तसाच ठेवून इसवी सन शेजारी कंसात द्यावा, म्हणजे रूपांतरात चूक झाली असल्यास पुढच्या वाचकास ती दुरुस्त करता येईल.